वार्धक्यातील स्मृतिभ्रंश आणि आहार : डोणगाव परिसरातील ताटाच्या निमित्ताने

विषयप्रवेश

वृद्ध माता-पित्यांना चिकित्सालयात आणणारी मुले बहुधा एकच वाक्य उच्चारतात : "आताशा काही लक्षात राहत नाही, वयच झालं." या वाक्याचा पूर्वार्ध ही तक्रार आहे, उत्तरार्ध हे निदान आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की, रुग्णाच्या नातेवाइकाने केलेले हे निदान आपण वैद्यही अनेकदा विनातक्रार स्वीकारतो. त्यानंतर ब्राह्मी, शंखपुष्पी यांची योजना होते आणि आहाराच्या रकान्यात 'हलका, सात्त्विक' असे दोन शब्द लिहून आपण मोकळे होतो.

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील डोणगाव व त्याभोवतीची खेडी हे प्रस्तुत लेखकाचे कार्यक्षेत्र आहे. 'गावाकडचे साधे खाणे असल्यामुळे आपल्याकडील म्हाताऱ्यांची बुद्धी शाबूत राहते' असा समज येथे सर्वत्र आढळतो. या समजात तथ्य किती आणि भ्रम किती, याचा विचार करणे आणि त्यातून आपल्या दैनंदिन चिकित्सेस उपयुक्त असे काही निष्पन्न करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

एक रुग्णवृत्त

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून हे वृत्त देत आहे. वय सत्तरीपुढील एक माळकरी आजी. पती निवर्तले, मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास, स्वतः गावातील घरी एकट्या. मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन चालू. तक्रार अशी की, गॅस चालू ठेवून विसरतात, दुकानदारास दोनदा पैसे देतात, एकदा तर शेतातून परतताना नेहमीची वाट चुकल्या. नाडी, जिव्हा, प्रकृती पाहून प्रस्तुत लेखकाने स्मृतिभ्रंश असे निदान केले आणि ब्राह्मी घृत व शंखपुष्पी चूर्ण दोन महिने दिले. फरक पडला नाही.

तिसऱ्या भेटीत आजींसोबत शेजारची सून आली होती. तिने सहज सांगितले, "आजी एकदा रांधतात अन् दोन दिवस खातात. राती तं चहा अन् टोसच." हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता, तो विचारला नाही, ही चूक माझी. हातापायांच्या मुंग्या आणि फिकटपणा यांचाही अर्थ मग नव्याने लागला. रक्ततपासणीत पांडुत्व, मोठ्या आकाराच्या रक्तपेशी आणि 'बी-१२' जीवनसत्त्वाची स्पष्ट न्यूनता आढळली. त्यांना फिजिशियनकडे पाठविले, इंजेक्शने सुरू झाली. रात्रीचे जेवण शेजारच्या घरातून येऊ लागले. काही महिन्यांनी आजी हिशेब नीट करू लागल्या, वाटा ओळखू लागल्या. विसराळूपणा पूर्णतः गेला असे मात्र नाही. जे गेले ते न्यूनतेचे होते. जे राहिले त्याचे निरीक्षण चालू आहे.

हे वृत्त कौशल्य दाखविण्यासाठी नव्हे, तर दोन महिने का वाया गेले हे सांगण्यासाठी दिले आहे.

संहितोक्त विचार

बृहत्त्रयीत 'डिमेन्शिया' या व्याधीशी सर्वांशाने जुळणारे स्वतंत्र अधिकरण नाही. तथापि स्मृतीचा ऱ्हास हे लक्षण विविध संदर्भांत येते आणि धी, धृती, स्मृती यांच्या विभ्रंशातून घडणाऱ्या प्रज्ञापराधाचे विवेचन चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रथमाध्यायातच केले आहे. चिकित्सास्थानातील रसायनाध्यायात मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी ही मेध्य रसायने सांगितली आहेत, ती आपणा सर्वांस मुखोद्गत आहेत.

परंतु त्याहून कमी लक्ष गेलेला एक संदर्भ येथे महत्त्वाचा वाटतो. शार्ङ्गधराने आयुष्याच्या प्रत्येक दशकात कोणत्या भावाचा ऱ्हास होतो याचा क्रम दिला आहे. त्यात मेधेचा ऱ्हास चौथ्या दशकात आणि बुद्धीचा नवव्या दशकात सांगितला आहे. या क्रमाकडे चिकित्सकाच्या दृष्टीने पाहिल्यास असा बोध होतो की, ऐंशीनंतर दिसणाऱ्या बुद्धिऱ्हासाचा विचार चाळिशीपूर्वीच सुरू करावयास हवा. आधुनिक संशोधनही निराळ्या मार्गाने याच ठिकाणी येऊन पोहोचले आहे. 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली चौदा परिवर्तनीय कारणे नमूद केली आणि ती सर्व दूर करता आली तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता वा लांबविता येतील, असा अंदाज वर्तविला. उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थौल्य आणि रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल ही त्यांतील आहाराशी निगडित कारणे असून त्यांचा परिणाम मध्यम वयापासूनच साचत जातो.

ग्रामीण कवचाचा समज

खेड्यातील लोकांस स्मृतिभ्रंश कमी होतो, या समजाला एका अभ्यासाचा आधार दिला जातो. हरियाणातील बल्लभगड येथे भारत व अमेरिका यांच्या संयुक्त प्रकल्पात डॉ. विजय चंद्रा व सहकाऱ्यांनी ग्रामीण वृद्धांची पाहणी केली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण केवळ १.३६ टक्के होते. जगातील अत्यल्प प्रमाणांपैकी ते एक होते. पुढे या आकड्याचे श्रेय कोणी हळदीला दिले, कोणी शाकाहाराला. हळदीच्या जाहिरातींत आजही तो अभ्यास डोकावतो. वस्तुतः आयुर्मान कमी असणे, रुग्ण झालेली व्यक्ती अल्पकाळच जगणे, कुटुंबाने विसराळूपणा वयाचा भाग मानणे अशी अनेक कारणे अशा आकड्यामागे असू शकतात. कर्क्युमिन या हळदीतील द्रव्याचा अल्झायमरच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेला चोवीस आठवड्यांचा छोटा प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात लाभ दिसला नाही. हळद वर्ज्य करावी असा याचा अर्थ नाही. चिमूटभर हळदीवर सारा भार टाकू नये, एवढाच आहे.

याउलट, देशभरातील वृद्धांच्या पाहणीवर आधारित 'लासी-डॅड' अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार साठ वर्षांवरील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती इतके आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. दोन्ही अभ्यासांच्या पद्धती भिन्न असल्याने त्यांची सरळ तुलना करू नये. तथापि खेडे हे आपोआप लाभलेले कवच आहे, असे मानण्यास आता आधार उरलेला नाही. आपल्या चिकित्सालयात येणारी, शाळेचे तोंडही न पाहिलेली, एकटी राहणारी वृद्ध स्त्री हीच सर्वाधिक धोक्यात आहे.

ताटाचे परीक्षण

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या प्रथमाध्यायात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता अशी आठ आहारविधिविशेषायतने सांगितली. आजच्या संशोधनात एकेका द्रव्याऐवजी संपूर्ण आहारपद्धतीचा विचार होऊ लागला आहे, त्यास हीच चौकट सर्वाधिक उपयोगी पडते. तिच्या आधारे आपल्या परिसरातील ताट पाहू.

प्रकृती : ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मूग, हरभरा, अंबाडी, मेथी, तांदुळजा, चिवळ, घोळ या पालेभाज्या, जवस, कारळे व तीळ यांच्या चटण्या, ताक, ऋतूनुसार बोरे, जांभळे, आवळे. हे जुने वऱ्हाडी ताट होय. शिकागो येथील रश विद्यापीठात मार्था क्लेअर मॉरिस यांनी २०१५ साली मांडलेल्या 'माइंड' आहारपद्धतीत पालेभाज्या, इतर भाज्या, कडधान्ये, अखंड धान्ये, कवचफळे, बेरीवर्गीय फळे, मासे व ऑलिव्ह तेल यांना प्राधान्य आहे. गोड, तळलेले पदार्थ, लोणी, चीज व लाल मांस यांवर मर्यादा आहे. ऑलिव्ह तेल व मासे सोडता या यादीचा मोठा भाग आपल्या जुन्या ताटात होता, हे सहज ध्यानात येईल. जवसात ओमेगा-३ वर्गातील वनस्पतिज स्नेह विपुल असतो. मात्र जवसाच्या चटणीने स्मृतिभ्रंश टळतो, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. बोर-जांभळांबद्दलही तेच.

करण : धान्य तेच असले तरी संस्कार बदलला की गुण बदलतात. मैद्याचा टोस्ट, खारी आणि बिस्किटे यांनी खेड्यातील सकाळ-संध्याकाळ व्यापली आहे. दात नसलेल्या वृद्धास ते चहात बुडवून खाता येतात, हेच त्यांच्या लोकप्रियतेचे कारण. त्याऐवजी दूध-भाकरीचा काला, वरणात कुस्करलेली भाकरी, मुगाची मऊ खिचडी, शिजवून घोटलेली पालेभाजी हे पर्याय घरातलेच आहेत. कवळीचा प्रश्न हा येथे आहाराचाच प्रश्न आहे.

संयोग व राशी : राशीचे सर्वग्रह आणि परिग्रह असे दोन भेद आहेत. सर्वग्रह म्हणजे ताटातील एकूण मात्रा, परिग्रह म्हणजे प्रत्येक द्रव्याची निराळी मात्रा. परिग्रह बिघडला तर उत्तम धान्यही व्याधीस कारण होते. याचे ठळक उदाहरण ज्वारीचेच आहे. दख्खनच्या पठारावरील ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत 'पेलाग्रा' हा विकार आढळे. त्वग्दाह, अतिसार आणि बुद्धिभ्रंश ही त्याची तीन लक्षणे. हैदराबाद येथे डॉ. सी. गोपालन आणि श्रीकंठिया यांनी १९६० साली या विकाराचा संबंध ज्वारीतील ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी जोडला. म्हणजे नुसती भाकरी व मिरचीचा ठेचा यांवर दिवस काढणाऱ्यास जुन्या ताटाने तारले नाही. वरण, भाजी, ताक यांच्या संयोगानेच भाकरी पूर्ण होते. जुन्या आहाराचे गुणगान करताना, पूर्वी हे संपूर्ण ताट किती घरांना मिळत होते, हे विसरू नये.

देश : देशातील पीक बदलले की ताट बदलते. गेल्या काही दशकांत आपल्या शिवारात सोयाबीनचा पेरा वाढला आणि खरीप ज्वारी मागे पडली. सोयाबीन बाजारात जाते आणि स्वयंपाकघरात पिशवीतले तेल येते. शिधापत्रिकेवर प्रामुख्याने गहू व तांदूळ मिळतो. अशा स्थितीत 'ज्वारी खा' हा सल्ला विकत घ्यावा लागतो. म्हणून सल्ला देताना घरात काय पिकते आणि काय मिळते, हे प्रथम विचारावे. गव्हाची जाडसर पोळी, भरपूर डाळ आणि परसातील शेवग्याचा पाला हे ताटही तितकेच आदरणीय आहे.

काल व उपयोगसंस्था : पूर्वाहार जीर्ण झाल्यावर, उष्ण, योग्य मात्रेत, मन लावून व प्रसन्न स्थानी भोजन करावे, असा नियम आहे. या नियमांचा आशय थोडा विस्तारला तर 'कोणाबरोबर' हा प्रश्नही त्यात येतो. मुले शहरात गेलेल्या घरात एकट्यासाठी चूल पेटविण्याचा उत्साह राहत नाही. शिळे, थंड आणि अर्धपोटी जेवण हे एकटेपणाचे पहिले दृश्य चिन्ह असते. एकाकीपणा हे उपरोक्त आयोगाने मान्य केलेल्या चौदा कारणांपैकी एक आहे. उपवासांविषयीही विचारावे. मधुमेहाची औषधे घेऊन एकादशी-चतुर्थी निरंकार करणाऱ्या वृद्धास रक्तशर्करा एकाएकी घटण्याचा धोका असतो. अशा तीव्र प्रसंगांचा पुढील स्मृतिभ्रंशाशी संबंध २००९ सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात आढळला आहे. श्रद्धेचा मान राखून औषधाची वेळ व उपवासाचे स्वरूप बदलता येते. त्यासाठी औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोलणे इष्ट.

उपयोक्ता : शेवटी निर्णय खाणाऱ्यावर. तूप मेध्य आहे, पण सर्वांना समान मात्रेत नव्हे. कृश, रूक्ष वातप्रकृतीच्या वृद्धास भाकरीवर चमचाभर तूप हितकर; स्थूल, श्रम न करणाऱ्या, कोलेस्टेरॉल वाढलेल्या पन्नाशीतील गृहस्थास तेच मोजून द्यावे लागते. तसेच मध्यम वयातील स्थौल्य हा धोका असला तरी ऐंशीच्या रुग्णाचे वजन घटत असेल तर तो त्याहून तातडीचा इशारा असतो. तेथे कडक पथ्य लावणे अपायकारक होय.

बी-१२ : आपल्या ताटातील पोकळी

वनस्पतिज आहारातून बी-१२ विश्वासार्ह प्रमाणात मिळत नाही. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मांस हेच त्याचे स्रोत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी ग्रामीण, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी-१२चे प्रमाण कमी आढळले. वृद्धापकाळी जठरातील अम्लस्राव मंदावल्याने शोषण आणखी घटते. मेटफॉर्मिन व आम्लनाशक औषधांचा दीर्घकाल वापर त्यात भर घालतो. माळकरी, मधुमेही, दूध विकून कोरा चहा पिणारी वृद्धा ही या सर्व कारणांची संगमस्थळी असते.

येथे दोन सूक्ष्म भेद ध्यानात ठेवावेत. एक, न्यूनता नसताना जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन स्मृतिभ्रंश टळत नाही; जागतिक आरोग्य संघटनेने २०१९च्या मार्गदर्शनात त्या हेतूने बी व ई जीवनसत्त्वे देऊ नयेत असेच सांगितले आहे. परंतु न्यूनता असेल तर ती भरून काढणे अनिवार्य आहे. दुसरा, पांडुरोगात केवळ फॉलिक आम्ल दिल्यास रक्त सुधारते, पण बी-१२च्या अभावी मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते.

आहाराची मर्यादा

'माइंड' पद्धतीच्या प्रारंभिक निरीक्षणात उत्तम पालन करणाऱ्यांत अल्झायमरचे प्रमाण जवळजवळ निम्मे दिसले होते. मात्र ६०४ व्यक्तींवरील तीन वर्षांचा नियंत्रित प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा सौम्य उष्मांकनियमन केलेल्या तुलनागटापेक्षा लक्षणीय फरक आढळला नाही. याउलट फिनलंडमधील 'फिंगर' प्रयोगात ६० ते ७७ वयाच्या १२६० व्यक्तींपैकी सुमारे निम्म्यांना आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-शर्करा यांची देखरेख असे सर्व एकत्र दिले. २०१५ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत दोन वर्षांअखेर त्यांच्या बौद्धिक चाचण्यांतील सुधारणा २५ टक्क्यांनी अधिक होती. एकटा आहार दुबळा, समुच्चय बलवान, असा याचा इत्यर्थ.

ग्रामीण वैद्यांनी विशेष लक्ष द्यावे असा प्रयोग चीनमधील आहे. ३२६ खेड्यांतील सुमारे ३४ हजार उच्चरक्तदाबी व्यक्तींपैकी निम्म्या खेड्यांत गावपातळीवरील आरोग्यसेवकांनीच औषधे, मीठ कमी करणे व वजन घटविणे यांचा सातत्याने पाठपुरावा केला. चार वर्षांनंतर त्या खेड्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका १५ टक्क्यांनी कमी आढळला. हा निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडील लोणचे, पापड, ठेचा आणि फरसाण यांतील मिठाचा हिशेब त्यामुळे स्मृतीच्याही हिशेबात धरला पाहिजे. दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे.

चिकित्सालयात करावयाची कृती

१. विसराळूपणाच्या प्रत्येक रुग्णाचा मागील दोन दिवसांचा आहार, वेळेसह, सोबत राहणाऱ्या वा शेजारच्या व्यक्तीकडूनही विचारून लिहावा.

२. कोण रांधते, कोणाबरोबर जेवण होते, दात आहेत का, वजन घटले का, दूध-ताक घरात राहते का, हे पाच प्रश्न चुकवू नयेत.

३. तंबाखू, मिश्री, खर्रा व मद्य यांची स्पष्ट चौकशी करावी.

४. रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजावा. रक्तशर्करा, रक्तकण, बी-१२ आणि थायरॉइड यांच्या तपासण्या करून घ्याव्यात. श्रवण व दृष्टी तपासावी. विषादाकडे दुर्लक्ष करू नये.

५. एकाएकी आलेला भ्रम, ज्वरासह असंबद्ध बोलणे, डोक्यास मार लागल्यानंतरचा बदल, अंगाची एक बाजू लुळी पडणे, अशा लक्षणांत आहार-औषधाची वाट न पाहता त्वरित रुग्णालयात पाठवावे.

६. आहारबदल चरकोक्त पादांशिक क्रमाने करावा. प्रथम रात्रीच्या टोस्टऐवजी खिचडी, स्थिर झाल्यावर दुपारी पालेभाजी, पुढे चहातील साखर. सर्व एकदम बदलण्याचा सल्ला आठवडाभरही टिकत नाही.

७. मेध्य रसायने जरूर योजावीत. परंतु गेलेली स्मृती परत येईल असे आश्वासन देऊ नये.

८. रुग्णासोबत आलेल्या चाळिशीतील मुलाचा व सुनेचा रक्तदाब त्याच वेळी मोजावा. मेधेचे रक्षण तेथून सुरू होते.

उपसंहार

डोणगावचे ताट चांगले असू शकते. ते चांगले आहेच, असे गृहीत धरता येत नाही. त्यात काय आहे, किती आहे, काय नाही, आणि समोर बसून कोणी जेवते आहे का, हे पाहिल्यावरच ते पथ्य ठरते. आहार हे स्मृतिभ्रंशावरील औषध नव्हे. पण आहार न विचारता केलेले स्मृतिभ्रंशाचे निदान अपुरे होय. वर दिलेल्या वृत्तातील आजींना ब्राह्मीपूर्वी एका प्रश्नाची गरज होती : "काल रात्री काय जेवलात?" हा प्रश्न विचारण्यास खर्च लागत नाही, उपकरण लागत नाही. लागतो तो थोडा वेळ, आणि वय झाले म्हणून कोणालाही सोडून न देण्याची वृत्ती. आपल्या शास्त्राने ती वृत्ती आपणास दिलेली आहे. तिचा उपयोग करणे आपल्या हाती आहे.